झेड ड्राइव्हवर रोज लाल फुली, नवीन मशीनवर एनएएस उघडतच नाही (अंबड, १४ डेस्कटॉप)

अंबड_फॅब

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतलं फॅब्रिकेशन युनिट, ऑफिसात १४ डेस्कटॉप. सर्व्हर म्हणजे विंडोज १० प्रो टाकलेला एक डेस्कटॉपच आहे. नाव ‘सर्व्हर’, आयपी १९२.१६८.१.१०. त्यावर ‘ड्रॉइंग’ आणि ‘टॅली’ असे दोन शेअर (सगळ्यांनी वापरायचे फोल्डर), सगळ्यांकडे झेड आणि वाय ड्राइव्ह म्हणून मॅप केलेले, म्हणजे जोडलेले. बॅकअपला दोन डिस्कचा जुना एनएएस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), १९२.१६८.१.२०. त्याला पासवर्ड ठेवलेला नाही.

तक्रारी अशा: सकाळी मशीन चालू केलं की झेडवर लाल फुली येते, कधी क्लिक केल्यावर उघडतो, कधी नाही. विंडोज ११ ची तीन नवीन मशीन आली, त्यांच्यावर एनएएस उघडतच नाही, जुन्यांवर उघडतो. स्टोअरमधल्या मशीनवर ड्रॉइंग उघडायला चहा पिऊन यावं इतका वेळ लागतो. आणि एका मशीनवर एक्सप्लोररमध्ये वाय दिसतो, पण टॅलीला दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

सातपूर_सिस्टीम

भाऊ, हे चार वेगवेगळे आजार आहेत, एकाच गोळीने जाणार नाहीत. लाल फुली बघून काही कळत नाही, ती सगळ्यालाच येते. एरर नंबर हवा. एक्सप्लोररचा डबा तो नीट दाखवत नाही, म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.)

प्रत्येक अडलेल्या मशीनवर याच क्रमाने करा:

आयपीकॉन्फिग /ऑल
पिंग १९२.१६८.१.१०
पिंग सर्व्हर
नेट यूज
नेट यूज क्यू: \\१९२.१६८.१.१०\ड्रॉइंग

आणि पॉवरशेलमध्ये: टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ४४५

शेवटची सगळ्यात महत्त्वाची. विंडोजचं फाइल शेअरिंग म्हणजे एसएमबी, आणि ते टीसीपी ४४५ वर चालतं. पिंग लागत नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं समजू नका, फायरवॉल पिंग अडवते आणि ४४५ चालू असतो. उलटंही होतं, पिंग मस्त लागतो आणि ४४५ बंद. निकालात ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’ समोर ‘ट्रू’ आलं आणि तक्रार ‘उघडत नाही’ अशी असेल (‘मंद चालतं’ अशी नाही), तर केबल, स्विच, आयपी, फायरवॉल हे सगळं बाजूला ठेवायचं. मग भानगड नाव-पासवर्ड, परवानगी किंवा प्रोटोकॉलची.

नंबर असे वाचा. ५३ आला (एक्सप्लोररमध्ये तोच ०x८००७००३५ म्हणून येतो) तर सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. ६७ म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हर सापडला पण त्या नावाचा शेअर नाही, स्पेलिंग बघा. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव-पासवर्ड चुकला. १३२७ बहुतेक वेळा कोरा पासवर्ड: विंडोज कोऱ्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत घेत नाही. ५ म्हणजे आत आलात, पण त्या फोल्डरवर परवानगी नाही. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच कशाला तरी दिलेलं आहे. १२१९ वर स्वतंत्र बोलू, तो भल्याभल्यांना फिरवतो.

गोदाकाठ

इतकं कशाला? विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १.० वर टिक करा, फायरवॉल बंद करा, शेअरला एव्हरीवन फुल कंट्रोल द्या. पाच मिनिटांत सगळं चालू.

सिन्नर_ॲडमिन

चालू होईल हो, आणि रॅन्समवेअरलाही (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) चालू होईल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. पॅच मार्चमध्ये आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. त्यानंतर विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलला एसएमबी १ येतच नाही. ज्या सर्व्हरवर कंपनीची ड्रॉइंग आणि टॅली आहे तिथे हे परत चालू करायचं नाही. एव्हरीवन फुल कंट्रोल दिला तर एका मशीनवरचा व्हायरस सगळ्यांची फाइल एनक्रिप्ट करून जातो.

फायरवॉल बंद करायचीही गरज नसते. नव्वद टक्के वेळा नेटवर्क ‘पब्लिक’ वर पडलेलं असतं. सर्व्हरवर सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → जोडणीवर क्लिक → ‘प्रायव्हेट’. मग ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चे नियम त्या प्रोफाइलला लागू होतात. राउटर बदलला की विंडोज नवीन नेटवर्क समजून पुन्हा पब्लिकवर टाकू शकतं. ‘काल चालत होतं, आज सगळ्यांचं बंद’ यामागे हे खूपदा निघतं.

अंबड_फॅब

बघितलं. सर्व्हर प्रायव्हेटवरच आहे.

नवीन तिन्ही मशीनवरून एनएएसचा ४४५ ट्रू. पण उघडताना ‘युअर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस’ असं येतं. आम्ही तर कुठलीच पॉलिसी लावलेली नाही.
सकाळच्या लाल फुलीच्या वेळी ‘नेट यूज’ मध्ये ‘अनअव्हेलेबल’ दिसतं.
स्टोअरच्या मशीनला ट्रू येतं, पण पिंगमध्ये मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’.

सिन्नर_ॲडमिन

नवीन मशीनवर विंडोज ११ प्रो, २४एच२ किंवा पुढची आवृत्ती असणार. ‘विनव्हर’ टाइप करून खात्री करा. त्यात दोन गोष्टी बदलल्या: बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणजे गेस्ट लॉगिन प्रोमध्येही बंद झालं (एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये ते १७०९ पासूनच बंद होतं), आणि एसएमबी साइनिंग (पाठवलेल्या प्रत्येक तुकड्यावर सही) सक्तीचं झालं. पॉलिसी तुम्ही लावलेली नाही, ती आतूनच आली आहे. तुमचा एनएएस कोणालाही पासवर्ड न विचारता आत घेतो, तेच नव्या विंडोजला नको आहे.

दोन्ही बदल एकमेकांत अडकलेले आहेत, कारण गेस्ट जोडणीला साइनिंग करताच येत नाही. सही करायला लागणारी किल्ली पासवर्डातून तयार होते आणि पाहुण्याकडे पासवर्डच नाही. म्हणून नुसतं गेस्ट चालू केलं तरी २४एच२ वर उघडत नाही, साइनिंगही उतरवावं लागतं. असे दोन दरवाजे उघडे टाकण्यापेक्षा एनएएसवर खातं करा:

एनएएसच्या वेब पानावर जा. युजर तयार करा, समजा ‘बॅकअप’, पासवर्ड द्या. शेअरवर त्या युजरला रीड-राइट द्या आणि गेस्टची परवानगी काढा. मग एसएमबीच्या सेटिंगमध्ये कमाल प्रोटोकॉल एसएमबी ३ आणि किमान एसएमबी २ करा. साइनिंगचा पर्याय दिसत असेल तर ‘ऑटो’ ठेवा. मग नव्या मशीनवर:

सीएमडीकी /ॲड:१९२.१६८.१.२० /युजर:बॅकअप /पास
नेट यूज एक्स: \\१९२.१६८.१.२०\बॅकअप /पर्सिस्टंट:यस

‘/पास’ पुढे काही लिहू नका, तो विचारतो. लिहिलात तर पासवर्ड स्क्रीनवर उघडा राहतो.

एवढं करूनही ‘क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इज इनव्हॅलिड’ आलं तर एनएएसला साइनिंग नीट जमत नाही, आधी फर्मवेअर अपडेट करा. अगदीच अडलं तर त्या मशीनवर ॲडमिन पॉवरशेलमध्ये ‘सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन -रिक्वायरसिक्युरिटीसिग्नेचर $फॉल्स’. हे तात्पुरतं, नवीन एनएएस येईपर्यंत. आणि ज्या एनएएसला एसएमबी १ शिवाय काही येतच नाही, तो भंगारात. त्यावर वेळ घालवू नका.

विंडोज १० च्या सर्व्हरला मात्र यातलं काही करायला नको. समोरच्याने मागितलं की विंडोज साइनिंग करतंच.

अंबड_फॅब

खातं केलं, एसएमबी २-३ केलं. दोन मशीन चालू झाली. तिसऱ्यावर १२१९.

सातपूर_सिस्टीम

आला बघा. १२१९ म्हणजे त्या मशीनवरून त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच चालू आहे. एका विंडोज लॉगिनमधून एका सर्व्हरला एकाच नावाने जाता येतं, झेड एका युजरने आणि वाय दुसऱ्याने असं चालत नाही. पासवर्ड कितीही बरोबर टाका, तो आत घेणार नाही.

पंचाईत अशी की ती जुनी जोडणी ‘नेट यूज’ च्या यादीत बिनअक्षराची असते, म्हणून लक्ष जात नाही. \\१९२.१६८.१.२०\आयपीसी$ अशी ओळ दिसेल. आधी सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, मग:

नेट यूज * /डिलीट

वायवर टॅली उघडी ठेवून हे मारू नका.

तरीही चिकटून राहिली तर कंट्रोल पॅनेल → क्रेडेन्शियल मॅनेजर → विंडोज क्रेडेन्शियल्स मध्ये त्या आयपीची जुनी नोंद काढा, लॉगऑफ करून परत या. इथे एक मेख आहे. विंडोजच्या लेखी ‘सर्व्हर’ आणि ‘१९२.१६८.१.१०’ हे दोन वेगळे सर्व्हर. त्यामुळे एक शेअर नावाने आणि दुसरा आयपीने मॅप केला की १२१९ टळतो, पण पासवर्ड दोन ठिकाणी साठतो. पुढे पासवर्ड बदलला की एकच बदलला जातो आणि मग ‘झेड चालतो, वाय चालत नाही’ चा धागा इथे येतो. सगळीकडे एकच पद्धत ठेवा. मी नावानेच मॅप करतो, सर्व्हर बदलला तर आयपी शोधत चौदा मशीन फिरायला लागत नाही.

पंचवटी_४२२००३

युजरनेम देताना ‘सर्व्हर\नाव’ असं पूर्ण द्यायचं. नुसतं नाव दिलं की काही वेळा तो आपल्याच मशीनचं खातं समजतो. आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होणाऱ्या सर्व्हरवर लोक चार आकडी पिन टाकत बसतात. पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. शेअरसाठी सर्व्हरवर वेगळं लोकल खातं करा, सगळ्यात सुटसुटीत.

ते खातं कम्प्युटर मॅनेजमेंटमधून करत असाल तर ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ वर खूण करा. नाहीतर विंडोजची मूळ मुदत ४२ दिवसांची आहे. सर्व्हरवर ‘नेट अकाउंट्स’ मारलं की दिसते. बेचाळीस दिवस झाले की सगळ्यांच्या ड्राइव्ह एकदम बंद, आणि सगळे स्विचकडे बघत बसतात.

कॅनडा_कॉर्नर

टॅलीचं मी सांगते, कारण सीए ऑफिसांत हे रोजचं आहे. त्या मशीनवर टॅलीच्या आयकॉनवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → कम्पॅटिबिलिटी बघा. ‘रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ वर टिक असणार.

ॲडमिन युजर लॉगिन झाला की विंडोज त्याची दोन ओळखपत्रं बनवतं, एक साधं आणि एक ॲडमिनचं. मॅप केलेला ड्राइव्ह ज्या ओळखपत्रावर केला त्यालाच दिसतो. एक्सप्लोरर साध्यावर चालतो, टॅली ॲडमिनच्यावर. म्हणून एकाला दिसतो, दुसऱ्याला नाही.

पहिला उपाय: ती टिक काढा. टॅलीला रोजच्या कामाला ॲडमिन लागत नाही, फक्त तिच्या फोल्डरवर युजरला ‘मॉडिफाय’ परवानगी हवी. काढणं शक्यच नसेल तर रजिस्ट्रीत एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\पॉलिसीज\सिस्टीम इथे ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाची डीवर्ड, किंमत १, आणि रीस्टार्ट.

याच कारणामुळे ‘नेट यूज’ कधीही ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये मारू नका. ‘कमांड कम्प्लीटेड सक्सेसफुली’ येतं आणि एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह नसतोच. आणि टॅलीचा डेटा वायफायवरून चालवू नका. सिग्नल मध्येच तुटला आणि फाइल अर्धी लिहिलेली राहिली तर डेटा दुरुस्तीला बसावं लागतं.

अंबड_फॅब

ताई, टिक होतीच. काढली, चालू झालं. धन्यवाद. आता सकाळची लाल फुली.

सातपूर_सिस्टीम

त्यात आधी खरी आणि खोटी फुली वेगळी करा. सर्व्हरवर १५ मिनिटं कोणी हात लावला नाही की विंडोज ती जोडणी सोडून देतं. फुली दिसते, क्लिक केलं की क्षणात उघडतो. ही खोटी फुली, काही बिघडलेलं नाही. डोळ्यात खुपत असेल तर सर्व्हरवर ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिस्कनेक्ट:-१’.

क्लिक करूनही उघडत नाही ती खरी फुली. इव्हेंट व्ह्यूअर → ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → एसएमबीक्लायंट → कनेक्टिव्हिटी. ३०८०३ असेल तर जोडणी लागलीच नाही, ३०८०४ असेल तर लागलेली तुटली. सकाळच्या नोंदीची वेळ आणि लॉगिनची वेळ ताडून बघा.

अंबड_फॅब

लॉगिननंतर लगेच ३०८०३, रोज. सर्व्हर रात्री बंद करतो, सकाळी शिपाई सगळी मशीन एकदम चालू करतो.

सिन्नर_ॲडमिन

मग उत्तर तिथेच आहे. डेस्कटॉपला एसएसडी, तो झटकन लॉगिनवर येतो. सर्व्हरवर फिरणारी डिस्क असेल तर तो अजून उठतोय. विंडोज लॉगिनच्या वेळी ड्राइव्ह जोडायचा एकदाच प्रयत्न करतं, नाही जमलं की फुली मारून मोकळं.

सर्व्हर रात्री बंद करू नका. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड → पॉवर मॅनेजमेंट → ‘अलाव द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ची टिक काढा. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू ठेवा, म्हणजे लाइट येताच सर्व्हर आपोआप उठेल. आणि सर्व्हरला यूपीएस आहे पण स्विचला नाही, असं निम्म्या ऑफिसांत असतं. लाइट गेली की सर्व्हर जिवंत आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता बंद. स्विचला फार वीज लागत नाही, त्याच यूपीएसवर घ्या.

डेस्कटॉपच्या बाजूने एक बॅच फाइल करा, दोन ओळींची:

नेट यूज झेड: /डिलीट /वाय
नेट यूज झेड: \\सर्व्हर\ड्रॉइंग /पर्सिस्टंट:नो

टास्क शेड्युलरमध्ये ट्रिगर ‘ॲट लॉगऑन’, ‘डिले टास्क फॉर’ ३० सेकंद. ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ वर टिक करू नका, नाहीतर ताईंनी सांगितलेलाच घोळ होईल. पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका, तो सीएमडीकीने साठवून ठेवा.

पंचवटी_४२२००३

मॅनेज्ड स्विच असेल तर अजून एक. स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट जागा झाल्यावर जवळजवळ ३० सेकंद डेटा सोडत नाही. तेवढ्यात लॉगिन होऊन जातं. डेस्कटॉपच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ चालू करा, दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर मात्र नाही.

गोदाकाठ

बरं, ‘नेटवर्क’ च्या खिडकीत सर्व्हर दिसतच नाही त्याचं काय? त्यासाठीच लोक एसएमबी १ चालू करतात ना.

सिन्नर_ॲडमिन

बरोबर पकडलंत. ती यादी पूर्वी एसएमबी १ च्या ब्राउझर सर्व्हिसवर चालायची. आता ती डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर चालते. सर्व्हरवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ऑटोमॅटिक करून चालू करा, दिसायला लागेल. नाही दिसला तरी बिघडत नाही, ॲड्रेस बारमध्ये \\सर्व्हर टाका. यादीत दिसणं आणि जोडणी लागणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

केबलवाला_नाशिक

स्टोअरच्या मशीनकडे कोणी बघितलंच नाही, म्हणून मी लिहितो. पिंगमध्ये गळती आहे म्हणजे विंडोजला हात लावू नका, केबल बघा. आधी लिंक स्पीड: पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटअडॅप्टर’. दोन्ही टोकं गिगाबिटची असून १०० एमबीपीएस दाखवत असेल तर एखादी जोडी तुटलेली. १०० ला फक्त १, २, ३, ६ या चार तारा लागतात, गिगाबिटला आठही.

मग हे मारा: पिंग -एन १०० -एल १४७२ -एफ १९२.१६८.१.१०. १४७२ अधिक २८ हेडरचे, म्हणजे पूर्ण १५०० चं पॅकेट. लहान पिंग जातो आणि हा गळतो, असं खराब केबलवर हमखास होतं. शंभरात एक-दोन जरी गळले तरी फाइल कॉपी रडायला लागते.

स्विचपासून स्टोअर किती लांब आहे? आणि केबल वेल्डिंगच्या बाजूने जाते का?

अंबड_फॅब

लिंक १०० दाखवतंय. सोळा पॅकेट गळली. शेडच्या पलीकडे आहे, वळसा धरून १२० मीटर होईल. वेल्डिंग बेच्या पत्र्याला बांधलेली आहे.

केबलवाला_नाशिक

मग काय राहिलं. तांब्याच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर, त्यातही ९० मीटर भिंतीतली आणि उरलेली १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची. वर वेल्डिंगचा करंट शेजारून. याला कॅट ६ बदलूनही उपयोग नाही.

फायबर टाका. सिंगल मोड, दोन कोर पुरे, चार घ्या. दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर, जोडीने एकाच प्रकारचे. फायबरला वेल्डिंगचा त्रास नाही, आणि दोन शेडच्या अर्थिंगमधला फरक केबलमधून स्विचवर येत नाही. पावसाळ्यात वीज पडली की पोर्ट जळतात ते बऱ्याचदा अशाच लांब तांब्याच्या केबलमुळे. कन्व्हर्टरचा ॲडॉप्टर स्टोअरकडे यूपीएसवर घ्या. स्प्लायसिंगवाल्याकडून (फायबर जोडणारा) दोन्ही टोकांचं पॉवर मीटर रीडिंग घ्या, नुसतं ‘लाइट येतेय’ वर पैसे देऊ नका.

ऑफिसमधल्या बाकीच्या केबलीही तपासा. बाजारात स्वस्त बॉक्स मिळतो त्यातली पुष्कळ सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकली तर सीसीए, आतपर्यंत लाल तर तांबं. सीसीए कॅट ५ई-कॅट ६ च्या मानकात बसतच नाही, दोनदा वाकवली की क्रिम्पमध्ये तुटते. क्रिम्पिंगचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्हीकडे सारखं आहे ना’ म्हणत रंगाच्या जोड्या शेजारीशेजारी लावणारे आहेत. त्यात ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत जातात, टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि केबल तरीही गळते.

लिनक्सवाडी

सिस्टीम, केबल सगळं आलं. एनएएस जुना लिनक्सवाला असेल तर अजून एक विचारतो: मराठी नावाच्या फाइल बॅकअपला जातात का?

अंबड_फॅब

कसं ओळखलंत? निविदांच्या फोल्डरमधल्या काही फाइल जात नाहीत, ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणतो. सर्व्हरवर तर व्यवस्थित उघडतात.

लिनक्सवाडी

विंडोज नावाची लांबी अक्षरांत मोजतं, २५५ पर्यंत. एनएएसमधली एक्सटी४ फाइल सिस्टीम बाइटमध्ये मोजते, तिचीही मर्यादा २५५. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं तीन बाइटचं. म्हणजे जास्तीत जास्त ८५, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘क्षेत्र’ दिसायला दोन अक्षरं, आत सात, म्हणजे २१ बाइट. ‘सार्वजनिक बांधकाम विभाग नाशिक…’ ने सुरू होणारं निविदेचं अख्खं शीर्षक नाव म्हणून दिलं की मर्यादा पार. काही एनएएसवर एनक्रिप्टेड शेअरला मर्यादा १४३ बाइटची असते, तिथे ४७ देवनागरी अक्षरांतच खेळ संपतो.

उपाय सरळ आहे: नाव आखूड ठेवा, शीर्षक तुकडे करून फोल्डरच्या नावांत वाटून घ्या. मर्यादा प्रत्येक नावाला वेगळी आहे, सगळ्या पाथला मिळून नाही.

अंबड_फॅब

एक राहिलं. तीन नव्या मशीनमध्ये आपापसात शेअर केलेला प्रिंटर चालत नाही. पासवर्ड बरोबर टाकला तरी परत विचारतो. तिघांवरून सर्व्हर मात्र उघडतो.

सातपूर_सिस्टीम

तिन्ही मशीन एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या एकाच प्रतीवरून) क्लोन करून आली आहेत का? प्रत्येकावर ‘हूॲमआय /युजर’ मारा. लोकल खात्याचा एसआयडी (विंडोजने दिलेला ओळख क्रमांक) येईल, शेवटच्या आकड्याआधीचा भाग मशीनचा. तो तिघांवर सारखा असेल तर हेच. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये एलएसएएसआरव्हीची ६१६७ पण दिसेल.

२९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ ची २४एच२, २५एच२ आणि सर्व्हर २०२५ एकसारखा एसआयडी असलेल्या मशीनला एकमेकांशी ओळख पटवू देत नाहीत. पूर्वी हे खपून जायचं. तुमचा सर्व्हर विंडोज १० असल्यामुळे त्याच्याशी जमतं. सेटिंग बदलून हे जात नाही. दोन मशीनवर विंडोज नव्याने टाका, किंवा व्हेंडरला सिसप्रेपमध्ये (इमेज तयार करायचं विंडोजचं साधन) ‘जनरलाइझ’ करून इमेज परत द्यायला सांगा. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडून तात्पुरती ग्रुप पॉलिसी मिळते, पण तीन मशीनसाठी त्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अंबड_फॅब

तिघांचा सारखाच आहे. व्हेंडरला कळवलं.

सिन्नर_ॲडमिन

आता सर्व्हरबद्दल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पैसे भरून वाढवलेली मुदत सोडली तर. शिवाय प्रो आवृत्ती एका वेळी २० च उपकरणांना आत घेते. तुमचे १४ डेस्कटॉप, वर स्कॅन-टू-फोल्डरवालं झेरॉक्स मशीन, कोणाचा लॅपटॉप. एकवीसावा आला की ७१ नंबरची एरर, तीही मधूनच, कोणाला तरी. शोधता शोधता वेड लागतं. नवीन एनएएस घेणारच असाल तर ड्रॉइंगही त्यावरच न्या, आणि जुना सर्व्हर फक्त टॅलीला ठेवा, तोही विंडोज ११ वर.

डेटा हलवताना एक्सप्लोररने ओढू नका. सर्व्हरवर बसून:

रोबोकॉपी डी:\ड्रॉइंग \\एनएएस\ड्रॉइंग /मिर /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग:सी:\कॉपी.टीएक्सटी

‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ दिलेच पाहिजेत. नाही दिले तर अडलेल्या एका फाइलवर तो दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, सकाळी येऊन बघावं तर तिथेच. आणि ‘/मिर’ म्हणजे पहिलं जसं आहे तसं दुसरं करणे. दुसरीकडे जे जास्तीचं असेल ते तो न विचारता पुसतो. दोन पाथ उलटे टाकले तर रिकामा एनएएस तुमच्या ड्रॉइंगवर उतरेल. म्हणून पहिल्यांदा ‘/एल’ जोडून चालवा, त्यात तो फक्त यादी दाखवतो, हात लावत नाही.

अंबड_फॅब

‘/एल’ ने चालवलं. मराठी नावाच्या ३८ फाइल ८५ च्या वर आहेत, आधी त्यांची नावं आखूड करतो. फायबरवाला शनिवारी येतोय, पॉवर मीटरचं रीडिंग इथेच टाकतो.

केबलवाला_नाशिक

टाका. कन्व्हर्टरला जोडल्यावर परत तोच १४७२ चा पिंग मारा, यावेळी -एन १००० ने. एकही गळायला नको.